ऑर्डर केला गुलाब, आली काडी

व्हॅलेण्टाइनचा अंक आहे, गुलाबावर लिही, असा एडिटरचा मेसेज आला तेव्हा मी बाल्कनीत एका कुंडीसमोर उकिडवी बसले होते. कुंडीत तीन काड्या. पेन्सिलीएवढ्या जाड, हिरव्या, आणि प्रत्येकीवर खालच्या बाजूला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली, एखाद्याच्या बोटाला बँडेज बांधावं तशी. मी रिप्लाय दिला, ‘लिहिते, पण माझा गुलाब अजून गुलाब झालेला नाही.’ त्यावर फक्त थम्स अप आला. एडिटर लोकांचं असंच असतं.

तर ही या तीन काड्यांची गोष्ट.

सुरुवात झाली गेल्या मे महिन्यात, रात्री दीड वाजता. चाकणमधल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीचं ब्रोशर सकाळपर्यंत द्यायचं होतं. (फ्रीलान्स पत्रकारिता म्हणजे काय, तर महिन्यातले वीस दिवस ब्रोशर.) ‘प्रिसिजन’ हा शब्द अकराव्यांदा लिहिला आणि वैतागून मोबाइल उचलला. आता रात्री दीडला मोबाइल उचललेला माणूस काहीतरी विकत घेऊनच खाली ठेवतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुणी कुर्ती घेतं, कुणी एअर फ्रायर. माझ्यासमोर आले गुलाब. पाच झाडांचा कॉम्बो, आठशे नव्याण्णव रुपये, कलमी रोपं, घरपोच. पाचातल्या एका फोटोवर माझा अंगठा थांबला. मध्ये सायीसारखा पांढरट, कडेला लाल, जणू कुणीतरी पाकळ्यांच्या टोकांना कुंकवाचं बोट लावलंय. खाली नाव होतं, ‘डबल डिलाइट’.

हे फूल मी ओळखत होते. नाव मात्र त्या रात्री पहिल्यांदा वाचलं.

माझं लहानपण गेलं पिंपरीत, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये. दोन खोल्या, पुढे एका खोलीएवढं अंगण आणि त्या अंगणात पप्पांचे बावीस गुलाब. पप्पा १९८२ साली कोरेगाव तालुक्यातून आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन पिंपरीत आले आणि टूलरूमला लागले. फर्स्ट शिफ्ट सुटली की चार वाजता घरी, चहा, आणि मग अंधार पडेपर्यंत गुलाब. त्यांच्या वयाच्या कामगारांमध्ये ही हौस मुलखावेगळी नव्हती. आमच्याच लाइनीत चार घरी गुलाब होते आणि कुणाचं फूल मोठं यावरून दिवाळीच्या आसपास शीतयुद्ध चालायचं. गावाकडे शेत होतं, इथं अंगण होतं. हिशेब सोपा होता.

आणि ते गुलाब यायचे पोस्टानं! आपल्याला वाटतं, घरबसल्या मागवणं हा आपल्या पिढीचा शोध. कुठलं काय. पुण्यातली पेस्तनजी पोचा ही बियाणांची पेढी १८८४ ची, तिचा कॅटलॉग आमच्या लाइनीत हातोहात फिरायचा. गुलाबांसाठी दुसऱ्या नर्सऱ्यांच्या याद्या असायच्या, नुसत्या नावांच्या. फोटो नाहीच, असलाच तर मुखपृष्ठावर एक. पप्पा पोस्टकार्डावर नावं लिहून पाठवायचे आणि थंडीत व्ही. पी. यायची. ज्यांनी व्ही. पी. ऐकलेली नाही त्यांच्यासाठी : व्हॅल्यू पेएबल पार्सल. पोस्टमन दारात वस्तू देणार, तुम्ही पैसे त्याच्या हातात देणार, ते पैसे पोस्टच विकणाऱ्याला पाठवणार. आपली लाडकी कॅश ऑन डिलिव्हरी, हिंदुस्थानात १८७७ पासून सुरू. पार्सलात माती नसायची, कुंडी नसायची. ओल्या शेवाळात गुंडाळलेली मुळं, वरून गोणपाट आणि सुतळीनं बांधलेली पत्र्याची चिठ्ठी. मला आठवतं ते एवढंच, की पप्पा ते पार्सल रात्रभर बादलीत भिजवत ठेवायचे आणि आईला बादली मिळायची नाही.

त्यांची एक वही होती. लाल बाइंडिंगची, शॉप फ्लोअरवरून आलेली. तीत झाडाचं नाव, आल्याची तारीख, कितव्या वाफ्यात लावलं ते. मिस्टर लिंकन, क्रिश्चियन डिऑर, पीस, दिल्ली प्रिन्सेस. आणि ‘पापा मिलंड’. तो गुलाब पप्पांच्या नावाचा आहे असं मी दुसरीपर्यंत सगळ्यांना सांगत होते. (खरा उच्चार ‘पापा मेयां’. १९६३ मध्ये फ्रान्सच्या मेयां घराण्यातल्या नातवानं काढलेला काळपट लाल गुलाब, आजोबांच्या नावाचा. म्हणजे मी फार चुकले नव्हते.)

२००८ मध्ये पप्पांनी व्हीआरएस घेतली. घेतली की घ्यावी लागली, यावर आमच्या घरी दोन मतं आहेत. क्वार्टर सोडायला तीन महिने मिळाले, ते नेमके एप्रिल-मे-जून. भर उन्हाळ्यात गुलाब उपटला तर जगत नाही. आणि उपटून नेणार कुठे, चिंचवडच्या वन बीएचकेत? पप्पा बावीसच्या बावीस तिथंच सोडून आले. त्यानंतर भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं नोकरी केली आणि घरात तुळशीशिवाय एक झाड आणलं नाही. दोन वर्षांपूर्वी तेही काम संपलं. आता मोशीत सातव्या मजल्यावर राहतो, पूर्वेची बाल्कनी आहे, आणि पप्पा दिवसभर वाहतूक बघतात. नाशिक हायवेची वाहतूक ही बघण्यासारखीच गोष्ट आहे म्हणा. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसेस ते नंबरानं ओळखायला लागले, तेव्हा मला भीती वाटली.

म्हणून रात्री दीड वाजता मी आठशे नव्याण्णव रुपये भरले.

आता सगळ्यात पहिली चूक बघा : मे. गुलाब मागवायचे नोव्हेंबर ते जानेवारीत, हे पप्पांच्या वहीतल्या प्रत्येक तारखेवरून कळलं असतं. मी बघितलं नाही. पार्सल आंध्रातल्या कडियमहून निघालं. राजमुंद्रीजवळचं हे गाव म्हणजे नर्सऱ्यांचं चाकण. आपल्या हायवेकडेच्या नर्सऱ्यांत दिसणारी कितीतरी रोपं तिथूनच ट्रकनं येतात. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. माझं पार्सल त्यानंतर शेवटच्या पंचवीस किलोमीटरला अडकलं. चार दिवस ‘आउट फॉर डिलिव्हरी’, बेचाळीस डिग्रीत, कुठल्यातरी पत्र्याच्या गोडाऊनमध्ये. पाचव्या दिवशी मुलाचा फोन आला, ‘मॅडम, बॉक्स खालून ओला झालाय, घेणार ना?’

घेतला. डायनिंग टेबलावर पेपर पसरला. मला वाटलं होतं पप्पांचा चेहरा खुलेल. त्यांनी चष्मा लावला आणि चाळीस वर्षं जे केलं तेच केलं, इनकमिंग इन्स्पेक्शन. एकेक झाड उचलायचं, खोडाच्या तळाशी जी गाठ असते तिच्यावर अंगठा फिरवायचा, खाली ठेवायचं. पाच झाडं, पाच वेळा अंगठा. मग म्हणाले, ‘सावलीत ठेव दोन-तीन दिवस. खत घालू नकोस लगेच. पाणी दे, पण चिखल नको.’

‘कशी आहेत?’

‘आली की एवढ्या लांबून,’ पप्पा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ती गाठ म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तुम्हालाही माहीत नसेल तर थांबून वाचा, कारण ऑनलाइन गुलाब घेणाऱ्याचे सगळे पैसे त्या गाठीत असतात. आपण विकत घेतो तो गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली जंगली, काटक जातीचं मूळ. त्याला म्हणतात खुंट. त्याच्या सालीत हव्या त्या जातीचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, बसवतात. याला म्हणतात डोळा भरणं. डोळा लागला, फुटला, की वरचा खुंट कापून टाकतात. मग खालून मुळं जंगली गुलाबाची आणि वरून फुलं मिस्टर लिंकनची. दोघं जुळतात तिथं गाठ. गाठीच्या वर फुटेल ते तुम्ही पैसे देऊन घेतलेलं. गाठीच्या खालून फुटेल ते फुकटचं, जंगली, आणि फार जोरात वाढणारं.

पहिल्या आठवड्यात दोन झाडं गेली. टोकापासून काळी पडत खाली आली. याला ‘डायबॅक’ म्हणतात, हे ॲपच्या चॅटवर कळलं. तिथल्या मुलीनं आधी फोटो मागितला, मग सात दिवसांच्या आत कळवायला हवं होतं म्हणाली. मी म्हटलं, चार दिवस तुमच्याच गोडाऊनमध्ये होतं. तिनं एक सॉरीचा स्मायली पाठवला. विषय संपला.

राहिली तीन. एक पिवळं, बिननावाचं निघालं. चिठ्ठीवर होतं मिस्टर लिंकन, म्हणजे गर्द लाल, सुवासिक, आणि आलं पिवळं, बिनवासाचं, पण हौशी. अजूनही फुलतंय बिचारं. दुसरं गुलाबी. आणि तिसरं माझं डबल डिलाइट.

जुलैत त्याला एक फुटवा आला. काय सांगू, दिवसाला दोन-दोन इंच! मोशीत पाऊस कोसळतोय, बाकीच्या दोघांची पानं काळ्या ठिपक्यांनी गळतायत आणि माझं डबल डिलाइट एकदम फ्रेश, हिरवंगार, पाच फूट. मी स्टेटस टाकलं, ‘पप्पांचा गुलाब इज बॅक!’ छप्पन्न हार्ट आले. ऑफिसातून, शाळेतून, मावशीकडून. पप्पांना दाखवलं. त्यांनी मोबाइल हातात घेऊन लांब धरून वाचलं, म्हणाले, ‘छान लिहिलंयस.’

(काळ्या ठिपक्यांवरून एक पिंपरीची गंमत. ही बुरशी. आपल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला, म्हणजे एचएला, सगळे पेनिसिलिनमुळे ओळखतात. पण १९६० च्या दशकात तिथंच थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑरिओफंजिन हे बुरशीनाशक शोधलं, तेही झाडांवर मारायचं. आमच्या लाइनीतल्या गुलाबवाल्यांना याचा केवढा अभिमान होता! पिंपरीत माणसाचंही औषध होतं आणि गुलाबाचंही, असं पप्पा अजून सांगतात.)

सप्टेंबर आला तरी कळी नाही. मी गांडूळ खत घातलं, निंबोळी पेंड घातली, त्याच्याशी बोललेसुद्धा. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पाऊस सरला की गुलाबाची छाटणी करतात, म्हणजे साधारण सहा-सात आठवड्यांनी, ऐन थंडीत, पहिला मोठा बहर येतो. पप्पांनी आपणहून सिकेटर मागितली. पिवळा छाटला, गुलाबी छाटला. तिसऱ्यापाशी आले आणि नुसते उभे राहिले.

मी म्हटलं, ‘छाटा की.’

‘हा छाटून काय व्हायचंय बाळ. हा खुंट आहे.’

त्यांनी वाकून माती बाजूला केली. गाठीवर एक वाळलेली, काळी, करंगळीएवढी काडी होती. ते डबल डिलाइट. मेलेलं. आणि गाठीच्या खालून, मुळातून, माझे छप्पन्न हार्टवाले पाच फूट.

‘तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’

‘बॉक्स उघडला तेव्हाच. डोळा सुकला होता.’

‘मग सांगितलं का नाही?’

पप्पा कुंडीकडे बघत म्हणाले, ‘तू हौसेनं आणलेलंस. म्हटलं, राहू दे की.’

पाच महिने! पाच महिने हा माणूस रोज सकाळी त्या जंगली झाडाला मापानं पाणी घालत होता. मी किचनमध्ये जाऊन आईवर चिडले. ती शांतपणे म्हणाली, ‘तुझ्या बारावीच्या प्रिलिमलाही तसंच केलं होतं त्यांनी.’ ते एक वेगळंच प्रकरण आहे. इथं नको.

पार्सलातून गुलाब पाठवणं हे मुळातच असं विश्वासाचं काम आहे. १९३९ मध्ये फ्रान्सिस मेयांनं आपल्या एका नव्या गुलाबाच्या काड्या पुडक्यांत बांधून जर्मनी, इटली, अमेरिकेला रवाना केल्या. अमेरिकेचं पुडकं तिथल्या वकिलातीच्या सामानातून गेलं असं सांगतात. मग महायुद्ध पेटलं आणि कुठलं पुडकं पोचलं, कुठलं नाही, त्याला वर्षानुवर्षं पत्ता नाही. पोचली होती सगळी. जर्मनीत तो ‘ग्लोरिया डाय’ झाला, इटलीत ‘जोइया’, फ्रान्समध्ये त्याच्या आईच्या नावानं ‘मादाम ए. मेयां’, आणि २९ एप्रिल १९४५ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात त्याचं नाव ठेवलं गेलं ‘पीस’. एकाच झाडाला चार नावं. माझ्या पार्सलात उलटं झालं, नाव चकाचक छापलेलं आलं, झाड तेवढं आलं नाही.

आणि निदान मला मिळालं ते गुलाबाच्या जातीचं तरी होतं. ऑफिसातल्या एकीनं निळ्या गुलाबाचं बी मागवलंय, शंभर बिया एकोणपन्नास रुपये. बायांनो आणि बाबांनो, निळा गुलाब नसतो! जपानच्या सनटोरी कंपनीनं वर्षानुवर्षं जनुकांशी खेळून २००४ मध्ये एक जाहीर केला, २००९ मध्ये जपानात विकायलाही आणला, तोही उजेडात धरला तर जांभळट दिसतो. शिवाय बियांतून आलेला गुलाब आईबापांसारखा निघत नाही, म्हणून तर कलमांचा हा सगळा उद्योग. एकोणपन्नास रुपयांत काय उगवलं विचारलंत? कोथिंबिरीसारखं काहीतरी. तिनं चटणी केली नाही हे नशीब.

तुम्ही म्हणाल, इतकं कशाला, तळेगाव शेजारी आहे की. खरंय. मोशीतून तासाभरावर मावळात पॉलिहाऊसेसची रांग आहे, तिथले गुलाब व्हॅलेण्टाइनला परदेशी जातात. गेल्याच महिन्यात एका स्टोरीसाठी मी तिथं गेले होते. काम मात्र सॉल्लिड असतं. चौदा फेब्रुवारी गाठायचा म्हणून डिसेंबरच्या मध्यात हिशेबानं छाटणी, जानेवारीच्या शेवटी तोडणी, मग दांडीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून प्रतवारी, वीस-वीसच्या गड्ड्या आणि कोल्ड स्टोरेज. टॉप सीक्रेट, ताजमहाल, बोर्डो अशी नावं. तळेगाव दाभाड्यात तर सुगीपश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्थाच आहे, तिथं हे शिकायला राज्यभरातून शेतकरी येतात. मी एका गड्डीत नाक खुपसलं. काही नाही! थंड कागदाचा वास. लांब दांडी, घट्ट कळी, प्रवासात टिकणं, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेलं की बहुतेकदा वास मागे राहतो. ते फूल विमानासाठी बनलंय. त्याचा दोष नाही. पण आमच्या अंगणात शाळेला जाताना वेणीत जे माळलं जायचं, त्याचा वास वर्गात तिसऱ्या बाकापर्यंत जायचा.

नोव्हेंबरमध्ये एका रविवारी पप्पा म्हणाले, ‘चल, क्वार्टर बघून येऊ.’ सतरा वर्षांत पहिल्यांदा. मेट्रोचा पूल, मॉल, सगळं ओलांडून गेलो. आमची लाइन उभी आहे, पण रिकामी. खिडक्यांना काचा नाहीत. वॉचमननं पप्पांचं जुनं ओळखपत्र बघितलं आणि दहा मिनिटं दिली.

अंगणात गुलाब होते! मी ओरडलेच. डोक्याइतकं उंच, काट्यांचं रान. पप्पा आत शिरले, एक फांदी धरून खाली खाली हात नेत मुळाशी गेले, मग दुसरी, मग तिसरी. बाहेर आले तेव्हा शर्टाची बाही फाटली होती.

‘सगळा खुंट,’ म्हणाले. ‘वरचे सगळे गेले. खालचेच राहिले.’

छाटायला, खालचा फुटवा मोडायला कुणी नसलं की असंच होतं. आपल्या बाल्कनीतही होईल, म्हणून लक्षात ठेवा. गाठीच्या खालून आलेला फुटवा कापायचा नाही, कापला तर चार येतात. माती उकरून मुळापासून ओरबाडून काढायचा. आणि लावताना आपल्या हवेत गाठ मातीच्या वर दोन-तीन इंच दिसती ठेवायची. पानं मोजून खुंट ओळखा, सात पानं म्हणजे जंगली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पप्पा म्हणतात, हात खाली नेल्याशिवाय कळत नाही.

परतताना ते गप्प होते. निगडीच्या सिग्नलला एकदम म्हणाले, ‘प्राधिकरणात उजवीकडे घे.’

प्राधिकरणात पप्पांचे टूलरूममधले एक मित्र राहतात. मी त्यांना लहानपणी ‘रंधा काका’ म्हणायचे, का ते आठवत नाही. गेट उघडलं आणि मी तिथंच थांबले, कारण तो वास मला आधी आला. मग दिसलं. सायीसारखं, कडेला लाल. १९९९ मध्ये पप्पांनी त्यांना आपल्या झाडाचे चार डोळे दिले होते, रुमालात ओल्या कापसात गुंडाळून, सेकंड शिफ्टच्या आधी. त्यातला एक लागला. त्यावरून त्यांनी पुढे दोन झाडं केली. जुनं मेलं, ही पोरं जगली. काकांचं म्हणणं, ‘तुझंच आहे, ने की. विचारायचं काय त्यात?’ आणि मग दोघांनी चहा घेत खुंट कुठला बरा यावर पाऊण तास वाद घातला. पप्पांना इतकं बोलताना मी भोसरीच्या पंधरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

काकांकडे ऊन दिवसभर असतं. डबल डिलाइटची लाल कड ही उन्हाची करामत आहे. ऊन जितकं लागेल तितकी पाकळी लाल होत जाते, सावलीत नुसतीच सायीची राहते. १९७७ सालची ही अमेरिकन जात. रंग आणि वास दोन्ही दिले, म्हणून नाव डबल डिलाइट. आमच्या बाल्कनीत ऊन सकाळी साडेतीन तास. कड फिक्की येईल, पप्पांनी आधीच सांगून ठेवलंय. त्यांनी कधी नव्हे ते आधी सांगितलं.

डोळे भरायला जानेवारीचा शेवट उजाडला. साल सुटायला हवी, रस चढायला हवा, असं करत करत. बाल्कनीतल्या त्या जंगली झाडाच्या तीन चांगल्या काड्या पप्पांनी ठेवल्या होत्या, बाकीच्या काढल्या. म्हणजे ॲपनं पाठवलेली ती फसवणूक कामाला आली. खुंट फर्स्ट क्लास आहे, असं टूलरूमचं सर्टिफिकेट मिळालंय. काकांकडून फांदी आणली. पप्पांनी चाकू दगडावर घासला, अंगठ्याच्या नखावर धार बघितली. खुंटाच्या सालीवर इंग्रजी ‘टी’सारखी चीर. फांदीवरून ढालीच्या आकाराचा सालीचा तुकडा, मधोमध डोळा, आणि पानाचा देठ तेवढा अर्ध्या इंचाचा राखलेला. चिरेत सरकवायचा, पट्टी बांधायची, डोळा उघडा ठेवायचा. पहिला डोळा भरताना पप्पांचा हात थरथरला. चीर तिरकी गेली. त्यांनी हात खाली घेतला, माझ्याकडे बघितलं नाही, चष्मा पुसला. हा तोच हात, ज्यानं मिलिमीटरचे शंभर भाग मोजले. मग म्हणाले, ‘काडी धर तू घट्ट.’ दुसरा आणि तिसरा आम्ही दोघांनी मिळून भरला. चीर मी दिली, तिसऱ्याला. त्यांनी सांगितलं तशी.

आता तीन आठवडे थांबायचं. परीक्षा सोपी आहे. तो राखलेला देठ असतो ना, त्याला बोटाचा नुसता स्पर्श करायचा. गळून पडला तर डोळा लागला. वाळून चिकटूनच राहिला तर गेला.

आज चौदावा दिवस. पहिला, तिरक्या चिरेचा, देठ काळा पडलाय, त्याच्याबद्दल आम्ही बोलत नाही. दुसरा पिवळा. तिसरा अजून हिरवा आहे की मला तसा दिसतो, सांगता येत नाही. पप्पा सकाळी बसेस बघायच्या आधी चष्मा लावून तिथं वाकतात. हात लावत नाहीत, मलाही लावू देत नाहीत. मघाशी एडिटरला थम्स अप परत पाठवला आणि हळूच बोट पुढे केलं, तर आतून आवाज आला,

‘अगं, सात दिवस आहेत अजून!’